चारचा लायनर बसला

वर्गात मी पोरांना 'बसला' हा शब्द बोलू देत नाही. लायनर नीट लागला तर 'लागला' म्हणायचं, खाली गेला तर 'खाली गेला' म्हणायचं. 'सर, बसला' असं कोणी बोललं की मी त्याला सगळं काम पहिल्यापासून करायला लावतो. पोरं पाठीमागे मला 'बसलेले सर' म्हणतात. म्हणू देत. त्यांना वाटतं, सर जरा चक्रम आहे. चक्रमपणावर भागलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांनी इंजिन उघडलेलं कधी पाहिलं नाही त्यांना आधी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डिझेल इंजिनाच्या ब्लॉकला मोठी गोल भोकं असतात. प्रत्येक भोकात एक जाड नळकांडं घातलेलं असतं, तो लायनर. पिस्टन त्याच्या आत वरखाली करतो. लायनरच्या वरच्या टोकाला कॉलर असते आणि ती ब्लॉकमधल्या खाचेत टेकते. त्यावर गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारा पातळ पत्रा, गॅस्केटवर झाकणासारखं हेड, आणि मग बोल्ट आवळायचे. आता मेख अशी की ही कॉलर ब्लॉकच्या बरोबरीत असून चालत नाही. ती केसभर वर पाहिजे. तरच हेडचा दाब तिच्यावर येतो आणि गॅस्केट तिथे घट्ट आवळली जाते. खाच झिजली की लायनर खाली जातो, दाब सुटतो, गॅस्केट जळते, पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. मग गाडीवाला येतो आणि म्हणतो, गॅस्केट बदला. बदलतात. महिन्याभरात परत जळते. परत बदलतात. लायनर बघायचं कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण त्याला मेहनत लागते.

आणि आमच्या गॅरेजच्या मराठीत या दोन्ही गोष्टींना शब्द एकच. लायनर जागेवर पक्का गेला, तर बसला. लायनर खचला, तरी बसलाच. घडी नीट बसते, आणि भिंतही बसते, तसं. मी आणि माझा मोठा भाऊ, आम्ही तीस वर्षं हा शब्द दोन्हीकडे वापरला आणि एकदाही घोटाळा झाला नाही. कारण आम्ही समोरासमोर असायचो. दादा तोंडाने 'बसला' म्हणायचा आणि हाताने सांगायचा. पक्का गेला असेल तर मूठ वळायचा. खचला असेल तर पंजा पालथा करायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघायचोच नाही, हाताकडे बघायचो.

गॅरेज भांडुपला होतं. आम्ही मूळचे कोकणातले. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. त्याला शाळेतून काढून एका मिस्त्रीकडे घातलं, आणि त्याच्या जिवावर सहा वर्षांनी धाकटा असलेला मी आयटीआय केलं. माझं सर्टिफिकेट फ्रेम करून दादानेच गॅरेजच्या भिंतीवर लावलं होतं. गिऱ्हाईक यायचं, सर्टिफिकेट बघायचं, मान डोलवायचं आणि इंजिन दादाच्या हातात द्यायचं. मला याचा राग यायचा का? यायचा. उगाच साधुसंताचा आव कशाला आणू. माणसं माझ्याशी बोलायची, भाव करायची, चहा प्यायची आणि जाताना दादाला म्हणायची, 'मिस्त्री, तुम्ही स्वतः बघा हां.'

दादाची एक रीत होती. केसभराचा फरक मोजणारं डायल गेज आमच्याकडे होतं, खणात ठेवलेलं, त्याच्याच डबीत. पण दादा आधी अंगठ्याचं नख लावायचा. ब्लॉकवर नख टेकवायचं आणि लायनरच्या दिशेने ओढायचं. कॉलर वर असेल तर नख अडकतं. कमी अडकलं, जास्त अडकलं, यावरून तो सांगायचा आणि नंतर गेज लावलं की तेच निघायचं. त्याचा नियम होता, लायनर कोणीही घालो, हेड जो ठेवेल त्याने सहाच्या सहा लायनरवर चारी बाजूंनी नख फिरवायचं. न फिरवता हेड ठेवायचं नाही. 'डोळा फसतो रे, नख नाही फसत,' म्हणायचा. या नखासाठी तो नखं कापतानाही उजवा अंगठा सोडून कापायचा. वहिनी त्यावरून चिडवायची, म्हणायची, 'सगळा माणूस एका नखात आहे.'

तीन वर्षांपूर्वी आमच्या गॅरेजच्या गल्लीत टॉवर उठणार हे नक्की झालं. मार्चपर्यंत जागा रिकामी करायची होती. भाड्याची जागा, त्यामुळे नव्या टॉवरमध्ये आम्हाला 'या' म्हणणारं कोणी नव्हतं. माझं काही अडत नव्हतं, मी कुठेही लागलो असतो. प्रश्न दादाचा होता. त्याचे दोन्ही गुडघे गेले होते. उकिडवं बसला की उठताना ब्लॉकला धरायचा, आणि आपण बघतोय असं वाटलं की हसायचा. अठ्ठावन्न वर्षांच्या, शाळा सोडलेल्या, गुडघे गेलेल्या फिटरला कोण ठेवणार? डोक्याला नुसता शॉट. वहिनीच्या चेहऱ्यावरही तेच दिसायचं.

अशा वेळी मुलुंडचा एक बसवाला शेठ आला. शाळेच्या बसगाड्या होत्या त्याच्या. आणि शिवाय त्याने मुलांना इंजिनकाम शिकवायचा वर्ग काढला होता. त्याला शिकवणारा माणूस हवा होता. तो स्पष्ट म्हणाला, 'पुस्तकवाले दोघं येऊन गेले. त्यांना बोलता येतं, बोल्ट आवळता येत नाही. मिस्त्री, तुम्ही शिकवाल का? खुर्ची, टेबल, पंखा, सगळं आहे. तुम्ही फक्त बसून सांगायचं, हात पोरं चालवतील.' दादा माझ्याकडे बघून म्हणाला, 'सर्टिफिकेट ह्याच्याकडे आहे.' शेठ म्हणाला, 'सर्टिफिकेट आहे हो खूप जणांकडे.'

पण व्यापारी तो व्यापारी. त्याच्या एका बसचं इंजिन सारखं तापत होतं. दोन गॅरेजांनी तीन वेळा गॅस्केट बदलून हात टेकले होते. 'हे दिवाळीच्या सुट्टीत करून द्या,' तो म्हणाला. 'शाळा उघडली की बस चालली पाहिजे. मग खुर्ची तुमची.' म्हणजे दादाचं पुढचं सगळं त्या एका इंजिनावर होतं, आणि हे आम्हा दोघांना, वहिनीला आणि शेठलाही माहीत होतं.

इंजिन उघडलं तर दादाचा अंदाज बरोबर. तीन, चार आणि पाचचे लायनर खाली गेलेले. खाचा नव्याने कापून घेतल्या, कॉलरखाली पातळ पोलादी कडी घातली, तिला शिम म्हणतात, आणि नवे लायनर घातले. मग दादाने नेहमीसारखी परीक्षा घेतली. जुनी गॅस्केट, कोणतं तरी जुनं हेड, बोल्ट पूर्ण आवळायचे, एक दिवस तसंच ठेवायचं आणि उघडून बघायचं. ज्याची खाच कच्ची, तो त्या दाबाखाली खचतो. चारच्या खाचेबद्दल दादाला संशय होता. तिथलं बीड, म्हणजे ब्लॉकचं ओतीव लोखंड, त्याला पोकळ वाटत होतं.

ज्या दिवशी ते जुनं हेड उघडायचं होतं त्या दिवशी मी सकाळी घाटकोपरला गेलो, बसचं खरं हेड मशीनवर सपाट करून आणायला. दुपारी निघताना दादाला फोन केला. मागे मशीन चालू होती. मी ओरडून विचारलं, 'दादा, चारचा काय झाला? बसला?'

'बसला रे,' दादा म्हणाला. 'तू ये आणि कर पुढचं. शेठने वर्ग बघायला बोलावलंय, मी निघतो.'

फोनवर हात दिसत नाही. तो तिकडे पंजा पालथा करून बोलत असणार, मी इकडे मूठ समजलो. त्याला म्हणायचं होतं, चारचा खचला, तू येऊन जाड शिम घाल. मी ऐकलं, चारचा पक्का आहे, तू येऊन हेड लाव.

लोकांना मी गोष्ट सांगतो ती इथपर्यंतच. वर्गात तर दर तुकडीला सांगतो. शब्दाने घात केला, म्हणून 'बसला' म्हणू नका. पोरांना पटतं. खरं सांगायचं तर शब्दाचा दोष फार थोडा होता.

गॅरेजला आलो तेव्हा दादा गेलेला होता. त्याने सहाही भोकांत धूळ जाऊ नये म्हणून फडकी कोंबून ठेवली होती. शेठचा ड्रायव्हर येऊन बसला होता, किती वेळ, किती वेळ, करून डोकं खात होता. मी फडकी काढली, पुसलं, नख फिरवायला घेतलं. एक अडकलं. दोन अडकलं. तीन अडकलं. चारवर नख सरळ गेलं. ब्लॉकवरून लायनरवर, कुठेही न थांबता. मी परत ओढलं. परत सरळ गेलं. मला आठवतं, मी तेव्हा माझ्या नखाकडे बघितलं. दोनच दिवसांपूर्वी कापलं होतं. मनात म्हटलं, नख लहान आहे. मनात म्हटलं, दादाने बघितलंय ना, तो म्हणाला ना बसला. गेजचा खण दोन पावलांवर होता. मी तो उघडला नाही. पाच आणि सहावर नख फिरवलंच नाही. गॅस्केट ठेवली, हेड ठेवलं, मधून बाहेर अशा क्रमाने तीन फेऱ्यांत बोल्ट आवळले, अगदी पुस्तकात असतं तसे. आयटीआयवाला ना मी.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दादा आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, वहिनीने वर्गाच्या नोकरीसाठी दोन नवे घेऊन ठेवले होते, त्यातला एक. मी त्याला इतका खूश बघितलेलाच नव्हता. सांगायला लागला, एक इंजिन मधोमध कापून ठेवलंय रे, आतलं सगळं दिसतं, पोरांना दाखवायला. फळा आहे. खडूचे रंग आहेत. 'आणि खुर्ची फिरते,' म्हणाला. 'मी बसलो तर फिरली. शेठ हसला.' मग त्याचं लक्ष ब्लॉकवर गेलं. हेड बसवलेलं होतं. तो म्हणाला, 'झालं पण? चारचं केलंस ना?'

त्या क्षणी मला सगळं कळलं. 'चारचं केलंस ना' म्हणजे चारला काहीतरी करायचं होतं. नख का सरळ गेलं ते कळलं, फोनवर तो काय म्हणाला ते कळलं. हेड परत उतरवायचं, गॅस्केट फेकायची, लायनर ओढायचा, जाड शिम घालायची. एका दिवसाचं काम. फार तर दीड. शाळा उघडायला अजून चार दिवस होते.

'केलं,' मी म्हणालो.

का म्हणालो? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता उत्तरांचीच गर्दी झाली आहे. थकलो होतो. लाज वाटली. त्याचा चेहरा उतरवायचा नव्हता. गाडी चालेलही, असं वाटलं. ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण एक आणखी आहे आणि ते सगळ्यांच्या तळाशी आहे. तो ती फिरणारी खुर्ची सांगत होता तेव्हा माझ्या मनात एकच आलं होतं. सर्टिफिकेट माझं आणि खुर्ची त्याची. मी ठरवून काही केलं नाही, एवढं मी कोणाचीही शपथ घेऊन सांगेन. पण जे बिघडणार होतं ते बिघडू दिलं, हे ठरवून करण्यापेक्षा फार वेगळं नाही.

दादाने माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघितलं. मग हेडवरून हात फिरवला आणि म्हणाला, 'बरं.' आणि शर्ट खराब होऊ नये म्हणून घरी गेला.

बस तीन आठवडे चालली. चौथ्या आठवड्यात सकाळच्या फेरीला मुलुंडमध्ये भर रस्त्यात वाफ सोडून उभी राहिली. आत मुलं होती. कोणाला काही झालं नाही, पण मुलं तासभर फुटपाथवर उभी राहिली, त्यांचे फोटो निघाले आणि पालकांच्या ग्रुपवर शेठची पार वाट लागली. शेठने इंजिन आमच्याकडे पाठवलंच नाही. दुसऱ्याकडून उघडून घेतलं आणि आम्हा दोघांना बोलावलं.

त्याच्या आवारात, पत्र्याखाली, ब्लॉक उघडा पडला होता. चारच्या भोवती गॅस्केट काळी झाली होती. त्या दुसऱ्या फिटरने गेज लावून ठेवलं होतं, आम्हाला दाखवायला. दादाने गेजकडे बघितलं नाही. खाली वाकला, गुडघा टेकून, आणि चारवर नख ओढलं. मग उठायला त्याला वेळ लागला. मी हात पुढे केला, त्याने ब्लॉकला धरलं.

'लायनर कोणी घातले?' शेठने विचारलं.

'मी,' दादा म्हणाला.

'आणि हेड?'

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. म्हणजे मला तसं वाटतं. पण दादाच आधी बोलला, 'हेड कोणी का लावेना शेठ, हेडने काही झालेलं नाही. लायनर खाली गेलाय, आणि लायनर माझा आहे.'

शेठ वाईट माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही भांडलो असतो आणि भांडणात कदाचित खरं बाहेर पडलं असतं. तो मऊ आवाजात म्हणाला, 'वय होतं मिस्त्री. हाताचं असंच असतं. तुमचा हात एकेकाळी काय होता, मला माहीत आहे.' एकेकाळी म्हणे. माझ्या दादाच्या हाताबद्दल, माझ्या समोर. आणि मी पायातल्या चपलेकडे बघत उभा होतो. मग शेठ माझ्याकडे वळला. 'तुमच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट आहे ना हो?'

परत आम्ही रिक्षाने आलो. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर दादा म्हणाला, 'घे ती नोकरी.' मी म्हटलं, 'मी कशाला घेऊ? तुझी होती ती.' तो म्हणाला, 'आता माझी नाही. घरातली तरी राहील.' मी दोन दिवस नाही नाही म्हणालो. दोन दिवस पुरे होतात नाटकाला. तिसऱ्या दिवशी वहिनीने तिच्या घरातून त्या दोन शर्टांतला न घातलेला शर्ट आणून दिला. 'भावोजी, तुम्हाला होईल हा,' म्हणाली. 'ह्यांना आता कशाला लागतोय.' ती टोमणा मारत नव्हती, हे जास्त लागलं. तिला काही माहीतच नव्हतं. तिच्या लेखी नवरा चुकला होता आणि दीर घर सावरत होता. चाळीत मात्र कोणीतरी म्हणालंच, आयत्या बिळावर नागोबा. मी जाऊन त्याच्याशी भांडलो. जोरात भांडलो. खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला जोर जास्त लागतो.

मार्चमध्ये गॅरेज गेलं. दादाची हत्यारं मी वर्गासाठी विकत घ्यायला लावली शेठला, तेवढाच माझा पराक्रम. तीन-चार महिने दादा घरीच होता. मग भांडुपलाच एका नव्या टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. बारा तासांची ड्युटी. तिथे गेटवर खुर्ची नाही. आधीचा वॉचमन खुर्चीवर झोपायचा म्हणून सोसायटीच्या कमिटीने ती काढून टाकली. गुडघे गेलेला माणूस बारा तास उभा, आणि मी मुलुंडला पंख्याखाली. माझी खुर्ची फिरते. मी बसतो तेव्हा ती करकरते आणि दरवेळी मला त्याचं बोलणं ऐकू येतं, पण मी उठत नाही. महिन्याचा पगार येतो, पोरं 'सर' म्हणतात. सवय लागते माणसाला. कशाचीही लागते.

आणि शिकवतो काय? दादाचंच. मला जे अडतं ते मी रविवारी त्याला विचारतो आणि सोमवारी फळ्यावर लिहितो. तो सांगतो. अगदी मन लावून सांगतो, पंजा पालथा करून, मूठ वळून. बीड पोकळ असेल तर हातोडीचा आवाज कसा येतो ते जिभेने काढून दाखवतो. वहिनी आतून चहा आणते आणि म्हणते, 'बघा, ह्यांना अजून सगळं आठवतं.' एकदा मी विचारलं, वर्गात येऊन एक दिवस पोरांना दाखवतोस का. तो म्हणाला, 'शेठला आवडायचं नाही. ज्याचा लायनर बसला त्याला कोण बोलावतं?' हसून म्हणाला. मी पण हसलो. अजून काय करणार होतो?

मागच्या महिन्यात वर्गाने एक पुस्तिका छापली. इंजिन बांधणीची पहिली पायरी, दुसरी पायरी, चित्रं वगैरे. शेठने सांगितलं म्हणून मी लिहून दिली. त्यात एक पान 'नखाने तपासणी' असं आहे. पुढे चौकटीत माझा फोटो, आणि खाली छापलंय की ही पद्धत अनेक वर्षांच्या अनुभवातून मी बसवली. हे मी लिहिलं नव्हतं. पण छापायच्या आधी मला वाचायला दिलं होतं, आणि मी वाचलं होतं, आणि नाव-फोटो बरोबर आहे, असं सांगून परत दिलं होतं.

सकाळी वर्गाला जाताना मी ती पुस्तिका घेऊन दादाच्या गेटवर गेलो. का गेलो कोणास ठाऊक. कदाचित त्याने चिडावं म्हणून. तो निळ्या गणवेशात खांबाला टेकून उभा होता. पुस्तिका त्याने चष्मा लावून बघितली. त्या पानावर आला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला. माझं सगळं लक्ष त्याच्या बोटाकडे. अंगठ्याचं नख बारीक कापलेलं होतं, बाकीच्या नखांसारखं.

'चांगलं लिहिलंय,' तो म्हणाला. 'चारी बाजूंनी फिरवा, हे घातलंस ते बरं केलंस. लोक एकाच बाजूने फिरवतात.'

मग मला राहवलं नाही. 'दादा,' मी म्हणालो, 'त्या दिवशी माझं नख चारवर अडकलं नव्हतं. मला हाताला कळलं होतं. आणि तू संध्याकाळी येऊन विचारलंस ना, चारचं केलंस का, तेव्हा तर सगळंच कळलं होतं. मी खोटं बोललो.'

त्याने चष्मा काढला. मिटला, खिशात ठेवला. पुस्तिका माझ्या हातात परत दिली. आम्ही घरात आईशी मालवणीत बोलायचो. आई गेल्यापासून आमच्या दोघांत ती बोली फारशी आलीच नव्हती. आता तो त्या बोलीत बोलला, अगदी हळू, रस्त्याकडे बघत.

'माका ठावक होता,' तो म्हणाला. 'तेव्हाच कळला. म्हणानच परत इचारूक नाय. इचारलं असतंय तर तुका परत खोटा बोलूचा लागला असता.'

एका गाडीने गेटवर हॉर्न दिला. दादा खांबाचा आधार सोडून निघाला, उजवा पाय जरा ओढत, आणि गेटचा दांडा वर करून सलाम ठोकून उभा राहिला. मागे अजून दोन गाड्या होत्या. मी थोडा वेळ थांबलो, पण त्याने वळून बघितलं नाही. सव्वानऊचा वर्ग होता. मी वेळेवर पोचलो.